कॉलनीत मोबाइल सुरक्षेचा वर्ग कसा घ्यायचा: अनुभवी आयटीवाले आणि कॉलेजची पोरं मिळून

तुमच्या कॉलनीत, मंडळात किंवा सोसायटीत मोबाइल सुरक्षेचा वर्ग घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करा, हा वर्ग एकट्या इंजिनिअरने घ्यायचा नाही आणि एकट्या कॉलेजच्या पोरांनीही घ्यायचा नाही. दोघं पाहिजेतच. इंजिनिअर एकटा असला की तो प्रोजेक्टर लावतो, एन्क्रिप्शन, मालवेअर, फायरवॉल सगळं सांगतो, काका-काकू माना डोलावतात, टाळ्या वाजतात आणि घरी जाताना एकाच्याही फोनमधली एकही सेटिंग बदललेली नसते. पोरं एकटी असली की त्याच्या उलट होतं, फोन हातात घेतात, पटापटा बोटं फिरवतात, दोन मिनिटांत सगळं करून परत देतात आणि "झालं काकू" म्हणतात. काकूंना काय झालं ते कळलेलं नसतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या एक सवय घेऊन घरी जातात की गोड बोलणाऱ्या हुशार मुलाला उघडा फोन दिला तरी चालतो. ठगाला नेमकी हीच सवय हवी असते.

म्हणून आमच्या इथे इंदूरमध्ये आम्ही वर्गाचा एकच मुख्य नियम ठेवलाय: फोन ज्याचा, बोट त्याचं. पोरगा शेजारी बसणार, स्क्रीनकडे बघून सांगणार, पण हात लावणार नाही. वेळ जास्त लागतो, खूपच जास्त लागतो, पण काकूंनी स्वतः दाबलेलं बटण त्यांना पुढच्या महिन्यातही आठवतं. बाकी सगळं मी खाली लिहितोय ते या एका नियमाच्या भोवतीच आहे.

माणसं कुठून आणायची

इंदूरला आयटीवाल्यांची कमतरता नाही, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, क्रिस्टल आयटी पार्क आहे, विजयनगरकडे छोट्या कंपन्या आहेत, आणि सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, रामबागेत प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी सापडतोच. माझं मत विचाराल तर नेटवर्क, बँकिंग किंवा सपोर्टमध्ये काम केलेला माणूस सगळ्यात उत्तम, कारण त्याने लोकांचे खरेखुरे घोळ निस्तरलेले असतात. बँकेच्या आयटीतून रिटायर झालेले काका मिळाले तर सोडूच नका. पोरं आयईटी, एसजीएसआयटीएस, होळकर सायन्स, पॉलिटेक्निक, इथल्या कुठल्याही कॉलेजातून चालतील, कॉम्प्युटरचीच पाहिजेत असंही काही नाही, बी.कॉम.ची मुलगी सुद्धा सुंदर शिकवते जर तिच्यात धीर असेल तर. धीर नसलेला टॉपर मात्र नको, खरंच नको.

हिशोब असा ठेवा की एका पोरामागे दोन फोन, तीन म्हणजे अगदी कमाल, आणि पाच-सहा पोरांमागे एक अनुभवी माणूस जो कुठल्याही टेबलाला बांधलेला नाही, फिरता आहे. म्हणजे वीस लोक यायचे असतील तर दहा पोरं लागतात. तेवढी नसतील तर लोक कमी बोलवा, पण गर्दी जमवायच्या नादाला लागू नका.

आधीच्या दोन बैठका, यात कंजुषी करू नका

पहिल्या बैठकीत पोरांनी आधी स्वतःचे फोन नीट करायचे. हे ऐकायला सोपं वाटतं पण बहुतेक पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन (नव्या फोनवर सुरू करताना मागितला जाणारा जादा पिन) नसतो, एकच पासवर्ड सगळीकडे असतो आणि कुठूनतरी आणलेलं एखादं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली अ‍ॅपची फाइल, फोनमध्ये बसलेलं असतं. स्वतः केलं की मग कुठे अडतं ते कळतं. या बैठकीत अनुभवी माणसाचं खरं काम आहे कापायचं, म्हणजे काय शिकवायचं नाही ते ठरवायचं. पोरांना व्हीपीएन, डार्क वेब, अ‍ॅन्टिव्हायरसची तुलना हे सगळं सांगायचं असतं. सत्तर वर्षांच्या माणसाचे पैसे यातल्या कशानेही जात नाहीत, ते जातात फोनवरच्या गोड किंवा दरडावणाऱ्या आवाजाने, एका एपीकेने, स्क्रीन शेअरिंगने आणि सांगून टाकलेल्या ओटीपीने. तेवढ्यावरच वर्ग उभा करा.

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या बनवा. सॅमसंग, रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमी, प्रत्येकात सेटिंग वेगळ्या जागी असते, नावं पण थोडी वेगळी असतात, तर पोरांनी घरातले, मित्रांचे फोन घेऊन प्रत्येक कंपनीचा रस्ता लिहून काढायचा, मोठ्या अक्षरात, एका फोनची एक चिठ्ठी. फोनची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजी शब्द जसा दिसतो तसाच लिहा, हिंदी असेल तर हिंदी, आणि वर्गात कोणाच्याही फोनची भाषा उगाच मराठी करायला जाऊ नका, सवयीची चित्रं आणि शब्द बदलले की माणूस हरवतो. मग प्रत्येक पोराने घरच्या आजी-आजोबांवर एक रंगीत तालीम करायची. आजीला समजलं नाही तर वाक्य बदलायचं.

टेबलावरचे नियम

हे नियम पोरांना तोंडपाठ पाहिजेत आणि वर्गाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे आलेल्यांनाही कळतं की आपल्याकडून काय मागितलं जाणार नाही. कोणाचाही पिन, पासवर्ड, ओटीपी विचारायचा नाही, आणि काका पिन टाकायला लागले की पोराने मान दुसरीकडे फिरवायची, अगदी दिसेल अशी फिरवायची, कारण तीही एक शिकवणच आहे. कोणाच्या स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही, पैशाचा कुठलाही व्यवहार वर्गात करायचा नाही, एक रुपयाचा "टेस्ट" सुद्धा नाही. मालकाने स्वतः हो म्हटल्याशिवाय काही डिलीट करायचं नाही, तुम्हाला कचरा वाटणारं अ‍ॅप कदाचित त्यांच्या श्रवणयंत्राचं असेल. खासगी फोटो, मेसेज दिसले तर नजर काढायची आणि नंतर चहाच्या टपरीवर त्याची गोष्ट करायची नाही. हजेरीच्या कागदावर फोन नंबर, आधार वगैरे काहीही लिहून घेऊ नका, नुसती डोकी मोजा.

आणि एक, सिमचा पिन वर्गात सेट करायला जाऊ नका. कल्पना चांगली आहे पण तीनदा चुकीचा पिन पडला की सिम पीयूके (सिम कंपनीकडचा उघडायचा कोड) मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. रविवारी सकाळी कोणाचं सिम बंद पडलं तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

वर्गाचा दिवस

रविवारी सकाळी दहा ते बारा बरं पडतं. हॉल मंडळाचा, सोसायटीचा किंवा देवळाचा सभामंडप, काहीही, पण टेबलं पाहिजेत आणि उजेड पाहिजे. एक्स्टेंशन बोर्ड दोन-तीन, वेगवेगळ्या पिनचे चार्जर, दोन पोरांचे हॉटस्पॉट, आणि एक जुना रिकामा फोन दाखवायला. पोहे-जिलेबी शेवटी ठेवा, आधी दिली तर बोटं तेलकट आणि फिंगरप्रिंट लागत नाही, हा अगदी व्यवहारातला सल्ला आहे.

सुरुवातीला अनुभवी माणसाने दहा मिनिटंच बोलायचं. त्यात भीती घालायची नाही. हॉलमध्ये बसलेल्यांत कोणीतरी असा असतोच ज्याचे पैसे गेलेत आणि त्याने घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे "एवढं साधं कसं कळत नाही लोकांना" असं वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. फसवणारे हे दिवसभर तेच काम करतात, त्यांच्याकडे लिहिलेले संवाद असतात, मोठे शिकलेले लोकही फसतात, हे स्पष्ट सांगा.

मग टेबलावरचं काम. क्रम मी असा ठेवतो. आधी स्क्रीन लॉक आहे का, आणि लॉक असताना मेसेजचा मजकूर वर दिसतो का ते बघा, कारण दिसत असेल तर ओटीपी कोणालाही वाचता येतो, नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो लपवायचा. मग व्हॉट्सअ‍ॅपची टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सेटिंग्ज, अकाउंट, आणि तिथे सहा आकडी पिन. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. ईमेल जोडायला सांगा नाहीतर पिन विसरले की अडकतात, आणि पिन घरी जाऊन वहीत लिहिला तरी हरकत नाही, घरातल्या कपाटातली वही झारखंडातल्या ठगाला दिसत नाही. पासवर्डचंही तसंच, लांब ठेवा, आपल्याला आठवतील असे चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडले तरी चालतं, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि वहीत लिहा.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपचंच लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे आपलं खातं आणखी कुठे उघडं आहे त्याची यादी. हे प्रत्येकाकडे उघडून बघाच. आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, त्यांच्या यादीत एक ब्राउझर दिसत होता आणि घरात कॉम्प्युटरच नाही. पोरीने विचारलं, "काकू, तुम्ही कधी कुठे कोड स्कॅन केला होता का?" बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या की झेरॉक्सच्या दुकानात कागद पाठवायचे होते तेव्हा त्या मुलाने काहीतरी केलं होतं. म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप तेव्हापासून उघडं होतं, घरचे फोटो, सुनेशी झालेली बोलणी, सगळं. काकूंनी स्वतः त्या नावावर बोट ठेवून लॉग आउट दाबलं आणि मग शेजारच्या दोघींना स्वतःच शिकवायला लागल्या. दुकानदाराच्या मनात काही होतं असं नाही, पण दार उघडं राहिलं होतं हे खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एपीके. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान, बँकेचं केवायसी, पीएम किसानची यादी, अशा नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, उघडली की अ‍ॅप इन्स्टॉल होतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. इथे नुसतं "उघडू नका" सांगून भागत नाही, रस्ताच बंद करा: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स. तिथे एक यादी येते, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स वगैरे, त्यातल्या प्रत्येकापुढे बंद दिसलं पाहिजे. हे बंद असलं की चुकून फाइल दाबली तरी फोन आधी अडवतो आणि माणसाला थांबून विचार करायला वेळ मिळतो. मग अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा आणि तिथे कोणत्या डाउनलोड केलेल्या अ‍ॅपला परवानगी आहे ते बघा, ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं आणि मालकाच्या जागी बटणंही दाबू शकतं, त्यामुळे ओळखीचं नसेल तर इथे पोराने हात वर करून अनुभवी माणसाला बोलवायचं, स्वतः निर्णय घ्यायचा नाही. स्क्रीन शेअर करणारी एनीडेस्कसारखी अ‍ॅप्स दिसली तर विचारा कोणी टाकायला सांगितलं. मुलगा पुण्याहून मदत करायला वापरत असेल तर ठीक, "बँकवाल्याने सांगितलं" असेल तर पुढचं काम वेगळं, ते खाली लिहिलंय. शेवटी प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टचं स्कॅन, ते फोनमधली घातक अ‍ॅप्स शोधतं.

यूपीआयबद्दल एकच वाक्य, पण ते दहादा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे एकतर बॅलन्स बघताय नाहीतर पैसे जाताहेत. क्यूआर स्कॅन करून पैसे "येत" नाहीत. आणि मी प्रत्येकाला सुचवतो की यूपीआयला पेन्शनचं किंवा एफडीचं खातं जोडूच नका, वेगळं छोटं खातं ठेवा ज्यात महिन्याच्या भाजी-दुधाचे पैसे असतील. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हा उपाय जास्त वाचवतो असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या जुन्या फोनला आता सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय त्यांच्यासाठी तर हे हवंच, त्यांना नवा फोन घ्या म्हणणं सोपं आहे, पण पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला ते सांगण्याआधी खातं वेगळं करायला सांगा.

वेळ उरला तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, वहीत लिहून घ्यायला सांगा, फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो फोन ब्लॉक करता येतो. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता आता डॉट बँक डॉट इनने संपायला पाहिजे, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत दिली होती. आणि साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून "बँकेचा" एसएमएस आला तर तो बँकेचा नाही असंच धरायचं. लॅपटॉप, वायफाय राउटर हे विषय या दिवशी घेऊ नका, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय त्यामुळे लॅपटॉपवाले प्रश्न विचारणारच, त्यांना वेगळा रविवार द्या.

फोनवरचं नाटक, आणि ते हिंदीतच करा

वर्ग मराठीत घ्या, पण हा भाग हिंदीत. कारण आपल्या इंदुरात फसवणुकीचा फोन मराठीत येत नाही, तो हिंदीत येतो, साहेबी हिंदीत येतो, आणि घरी मराठीत शिकलेलं उत्तर त्या वेळी जिभेवर येत नाही. एक पोरगा उभा राहतो, "मैं सीबीआई से बोल रहा हूँ, आपके आधार पर एक पार्सल पकड़ा गया है, वीडियो कॉल काटना मत, किसी को बताना मत." समोर काका. काकांनी काही समजावून सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, फक्त कापायचा. बघा, पहिल्यांदा जवळजवळ कोणीच कापत नाही! आपल्या लोकांना बोलणाऱ्याचा फोन मध्येच ठेवणं उद्धटपणा वाटतो. "अहो पण तो बोलत होता ना," असं म्हणतात. म्हणून हे प्रत्येकाकडून खरोखर करून घ्या, बोट लाल बटणावर जाईपर्यंत. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्येही सांगितलं होतं, "रुको, सोचो और एक्शन लो" हे बऱ्याच ज्येष्ठांनी रेडिओवर ऐकलेलं असतं, त्याची आठवण करून द्या, पटकन पटतं.

पुढचं नाटक नातवाचं, "दादाजी, एक्सीडेंट हो गया है, अर्जेंट पैसे भेजो." यावर घरातला एक शब्द ठरवून ठेवायला सांगा जो फक्त घरच्यांना माहीत असेल. आणि कोणी स्टार-हॅशवाला नंबर डायल करायला सांगितला तर करायचा नाही, त्यातून कॉल दुसरीकडे वळवले जातात.

खरंच काही सापडलं तर

कधीतरी सापडणारच. पैसे गेलेले असतील किंवा अनोळखी अ‍ॅप आत बसलेलं असेल. तेव्हा पोराने आरडाओरडा न करता अनुभवी माणसाला बोलवायचं आणि इथून पुढे जबाबदारी त्याची. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालंय ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या अधिकृत नंबरला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा, नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधून नाही. लगेच 1930 ला फोन. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे, आधी तो 155260 होता, कुठे जुना कागद चिकटवलेला असेल तर बदला. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत तिथे ते अडवायचा प्रयत्न होतो, आणि ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पटापट फिरवतात, त्यामुळे उद्या सकाळी बघू असं करायचं नाही, रात्री कळलं तर रात्रीच फोन करायचा. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम कागदावर लिहून ठेवा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर सविस्तर तक्रार. फोन घाईने फॅक्टरी रीसेट करू नका, मेसेज आणि कॉलचे पुरावे जातात. अ‍ॅन्टिव्हायरस टाकत बसू नका. आणि त्या माणसाला एकटं घरी पाठवू नका, कोणीतरी सोबत जा, त्या वेळी त्यांना तेच जास्त लागतं.

वर्ग संपल्यावर

लोक गेले की टीम तासभर बसायलाच पाहिजे. कुठल्या फोनवर चिठ्ठी चुकली, कोणत्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, कोणत्या काकांनी काय सांगितलं जे आपल्याला माहीतच नव्हतं. पोरांची खरी शिकवणी इथे होते, अनुभवी माणूस सांगतो की हा हल्ला नक्की कसा चालतो, ठगाला काय मिळतं, आपण कुठे तोडायचा, कॉलेजच्या वर्गात हे इतकं जिवंत मिळत नाही. आणि अनुभवी माणसालाही त्या एका तासात कळतं की आपण ऑफिसात बसून बनवलेला लॉगिनचा पडदा सुदामानगरच्या आजींना कसा दिसतो. ज्यांना कॉलेजात दाखवायला कागद लागतो त्यांना मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, त्यांनी केलेल्या कामाच्या.

पंधरा दिवसांनी त्याच हॉलमध्ये एक तास नुसते प्रश्न घेऊन बसा, नवीन काही शिकवू नका. तेव्हा प्रत्येकाला सांगायचं की इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्सची यादी स्वतः उघडून दाखवा, चिठ्ठी न बघता. जमलं तर छान, अडलं तर पुन्हा शेजारी बसायचं. पोरांचे वैयक्तिक नंबर वाटू नका, रात्री अकराला फोन येतात आणि उद्या कोणीतरी "मी त्या वर्गातला मुलगा बोलतोय" म्हणून ओटीपी मागेल, त्यापेक्षा मंडळाचा एकच फोन ठेवा, ठरलेल्या वेळेत उचलला जाणारा, आणि वर्गातच सांगून टाका की आमच्यातलं कोणीही तुम्हाला स्वतःहून फोन करणार नाही.